इंग्रजी शब्द लक्षात राहत नाही? आधी त्याचं मूळ गाव विचारा

आमची भाची बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करते. तिने कपाटाच्या दारावर इंग्रजी शब्दांची यादी चिकटवलीये, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, रोज दहा शब्द, आणि सोमवारी पाठ झालेले दहा शुक्रवारपर्यंत गायब. परवा तिने कर्ज या अर्थाचा डेट लिहिला, डी-ई-टी. मी म्हटलं अगं मधला बी राहिला. तर म्हणते, "मावशी, बी कुणी बोलतच नाही, मग लिहायचा कशाला?"

प्रश्न अगदी रास्त आहे आणि मी घरी ट्यूशन घेते त्या पोरांनी तो मला शंभर वेळा विचारलाय. आधी मी ठरलेलं उत्तर द्यायचे, सायलेंट आहे, पाठ कर. आता नाही देत, कारण त्या बी ची एक गोष्ट आहे आणि ती एकदा ऐकली की माणूस बी विसरत नाही.

हा शब्द फ्रेंचांकडून इंग्लंडात आला तेव्हा त्यात बी नव्हताच. डेट्ट असं काहीतरी म्हणायचे, इंग्रजही बिनबीचाच लिहायचे, सगळं सुखात चाललं होतं. मग लॅटिन शिकलेल्या पंडितांच्या लक्षात आलं की हा तर लॅटिन डेबिटुमचा नातू, एवढ्या खानदानी शब्दात आजोबांची खूण दिसायलाच पाहिजे, म्हणून त्यांनी मधे बी घुसवला. लोकांनी लिहिताना तो मुकाट्याने घेतला, बोलताना मात्र अजिबात घेतला नाही. त्याच डेबिटुमकडून आलेला दुसरा शब्द तुमच्या पासबुकात असतो, डेबिट, त्यात बी ठणठणीत ऐकू येतो. भाचीला म्हटलं, डेट लिहिताना डेबिट आठव. झालं, प्रश्न मिटला.

डाउटमधला बी तसाच घुसवलेला, रिसीटमधला पी पण. आणि आयलंडचा एस तर कहरच आहे, कारण तिथे पंडितांनी चुकीच्या घराण्याचं आडनाव लावून दिलं! आयलंड हा अस्सल जुना इंग्रजी शब्द, लॅटिन इन्सुलाशी त्याचं काही नातं नाही, पण बेट म्हणजे बेट, आइल या फ्रेंचकडून आलेल्या शब्दात एस आहे तर यातही टाका, असं झालं आणि तो एस आजतागायत पोरांचे मार्क खातोय.

तर माझी पद्धत साधी आहे. आपण एसटीत शेजारच्या माणसाशी बोलतो तेव्हा नाव विचारतो आणि पाच मिनिटांत विसरतो, पण "मूळचे कुठले?" विचारलं आणि तो कुडाळचा निघाला, त्याची आत्या आपल्या मामींच्या वाडीत दिलेली निघाली, की तो माणूस जन्मभर लक्षात राहतो. शब्दांचंही तेच करायचं, गाव विचारायचं, नातेवाईक विचारायचे.

पण सगळ्या शब्दांना विचारत बसू नका, आयुष्य पुरणार नाही. टेबल, पेन, गुड यांच्या मागे लागायची गरज नाही. जो शब्द तुम्हाला तीनदा दगा देतो, म्हणजे तीनदा डिक्शनरीत बघूनही चौथ्यांदा परका वाटतो, किंवा ज्याचं स्पेलिंग बघून डोकं फिरतं, तोच निवडा. आठवड्याला तीन-चार खूप झाले.

बघायचं कुठे? मोबाइलवर ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी नावाची साइट आहे, लोक तिला एटिमऑनलाइन म्हणतात, डग्लस हार्पर या एका माणसाने उभी केलेली, फुकट आहे. तिथे शब्द टाकला की तो इंग्रजीत कधीपासून दिसतो, कुठल्या भाषेतून आला, आधी अर्थ काय होता हे सगळं एका परिच्छेदात मिळतं. मेरियम-वेब्स्टरच्या साइटवरही शब्दाच्या पानावर खाली खाली गेलात की वर्ड हिस्टरी असा भाग असतो, अर्थ बघून परत फिरू नका, तिथपर्यंत स्क्रोल करा.

पहिल्यांदा ती नोंद बघून घाबरायला होतं, मीही घाबरले होते. ओल्ड फ्रेंच, ओल्ड नॉर्स, मिडल इंग्लिश, मधेच पीआयई अशी अक्षरं, शब्दाच्या डोक्यावर चांदणी. युक्ती अशी की नोंद उलटी वाचायची. त्यात आजचा शब्द आधी असतो आणि मग बाप, आजोबा, पणजोबा असं मागे मागे जातात, तर तुम्ही शेवटी जा आणि पणजोबांपासून पुढे या, म्हणजे गोष्ट सांगितल्यासारखी वाटते. चांदणी असेल तर समजायचं की हा शब्द कुठे लिहिलेला सापडलेला नाही, अभ्यासकांनी नातेवाईक भाषांवरून अंदाजाने बांधलाय. पीआयई म्हणजे प्रोटो-इंडो-युरोपियन, आपली संस्कृत, ग्रीक, लॅटिन, इंग्रजी या सगळ्यांची पणजी भाषा, तिची एकही ओळ लिहिलेली नाही, म्हणून तिच्या सगळ्या शब्दांवर चांदण्या. आणि प्रॉबॅब्ली, परहॅप्स असे शब्द दिसले तर ते गिळू नका, तिथे अभ्यासकच खात्री देत नाहीयेत. कधीकधी सरळ ओरिजिन अननोन लिहिलेलं असतं. डॉगसारखा पहिलीतला शब्द, त्याचं मूळसुद्धा कुणाला लागलेलं नाही!

आता एक शब्द जवळून बघू, क्लू. भाचीच्या यादीत क्लू म्हणजे सुगावा असं लिहिलेलं होतं, आणि तिची अडचण अशी की सुगावा हा शब्दच ती कधी बोलत नाही, म्हणजे एका परक्या शब्दाचा अर्थ दुसऱ्या परक्या शब्दात पाठ करत होती. नोंद उघडली. शेवटून सुरुवात केली तर काय, क्लू म्हणजे मुळात सुताचा गुंडा! आधी स्पेलिंग वेगळं होतं, शेवटी ई-डब्ल्यू. आणि सुताच्या गुंड्याचा सुगावा कसा झाला तर त्यामागे एक ग्रीक कथा आहे. क्रीट बेटावर एक भूलभुलैया, आत अर्धा माणूस अर्धा बैल असा राक्षस, आत गेलेला माणूस बाहेर येत नाही. थिसियस नावाचा वीर आत जायला निघतो तेव्हा राजकन्या अ‍ॅरियाड्नी त्याला सुताचा गुंडा देते, एक टोक दाराशी बांध आणि उलगडत जा, येताना त्याच सुताच्या मागे मागे ये. म्हणजे कोड्यातून बाहेर काढणारी जी वस्तू ती क्लू.

हे वाचून झालं आणि भाची म्हणाली, "अगं मग हे तर धागेदोरे!"

बरोबर. पोलिसांच्या हाती महत्त्वाचे धागेदोरे लागले, असं आपल्या पेपरात रोज येतं. चित्र तेच, सूतच. ते ग्रीकांकडून आपल्याकडे आलं असं मी म्हणत नाहीये, दोघांना स्वतंत्रपणे सुचलेलं असू शकतं, पण लक्षात ठेवायला आपल्याला काय, धागादोरा मिळाला की काम झालं. क्लू ती परत विसरली नाही.

या पद्धतीत मला सगळ्यात जास्त आवडणारी पायरी हीच आहे, शब्दाच्या पोटातलं चित्र काढायचं आणि मग आपल्या मराठीत त्या जागी कोणतं चित्र आहे ते शोधायचं. कधी तेच निघतं, कधी शेजारचं निघतं आणि तेव्हा तर अजून मजा येते. मसल घ्या. लॅटिनमध्ये मुस्कुलुस म्हणजे छोटा उंदीर, दंड फुगवला की कातडीखाली उंदीर पळतोय असं रोमन लोकांना दिसलं. आणि आपण काय म्हणतो? दंडाची बेटकुळी! म्हणजे बेडकी. त्यांना उंदीर दिसला, आपल्याला बेडूक. माझ्या ट्यूशनमधली पोरं आता मसलचं स्पेलिंग लिहिताना दंड फुगवतात, वर्गाचा आखाडा होतो, पण एस नंतरचा सी कुणी विसरत नाही.

विंडो पण असाच. व्हायकिंग लोक इंग्लंडात येऊन राहिले, त्यांच्या भाषेत खिडकीला विंडऔगा म्हणायचे, विंड म्हणजे वारा आणि औगा म्हणजे डोळा, वाऱ्याचा डोळा. आता आपल्याकडे खिडकीला जुने दोन शब्द आहेत, वातायन म्हणजे वाऱ्याची वाट, आणि गवाक्ष म्हणजे गायीचा किंवा बैलाचा डोळा. एकात वारा आहे, दुसऱ्यात डोळा. दोन्ही एकत्र केले की विंडो!

अंपायर तर आपल्या क्रिकेटवेड्या पोरांना रोज लागतो. तो मुळात नंपायर होता, सुरुवातीला एन. जुन्या फ्रेंचमधून आलेला, अर्थ जोडीतला नसलेला, दोघांच्या बरोबरीत न बसणारा, म्हणजे भांडण करणारे दोन आणि त्यात नसलेला हा तिसरा. मराठीत याला काय म्हणतात? तिऱ्हाईत! अगदी तेच, तिसरा, कुणाच्याच बाजूचा नसलेला. (हल्ली आपण तिऱ्हाईत फक्त परक्या माणसाला म्हणतो, पण मुळातला तीन त्यात दिसतोच.) आता एन गेला कुठे तर लोक अ नंपायर म्हणता म्हणता अ‍ॅन अंपायर ऐकायला लागले, एन शब्दाच्या डोक्यावरून उडून आधीच्या अ ला जाऊन चिकटला. एप्रनचंही असंच, आधी नेप्रन होता, नॅपकिनचा भाऊ. अ आणि अ‍ॅन कुठे लावायचं हे पाचवीच्या पोरांना कळत नाही म्हणून आपण ओरडतो, इथे खुद्द इंग्रजांचाच गोंधळ झालाय आणि तो डिक्शनरीत जाऊन बसलाय.

कधी चित्राऐवजी माणूस निघतो. बॉयकॉट हा मला वाटायचं बॉयशी काहीतरी संबंध असेल. नाही हो, चार्ल्स बॉयकॉट नावाचा एक कॅप्टन होता, आयर्लंडमधल्या मेयो परगण्यात जमीनदाराच्या जमिनींचा कारभारी. १८८० साली कुळांनी खंड कमी करा म्हणून मागणी केली, त्याने ऐकलं नाही, उलट घरं खाली करायच्या नोटिसा काढल्या, तर लोकांनी हात न उचलता त्याला वाळीत टाकलं. शेतावर गडी येईना, दुकानदार माल देईना, टपालसुद्धा नीट पोचेना. काही आठवड्यांत त्याचं आडनाव क्रियापद होऊन पेपरात आलं. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, जातपंचायती कुटुंबांना वाळीत टाकतात म्हणून, त्या कायद्याच्या इंग्रजी नावात सोशल बॉयकॉट आहे. म्हणजे आपल्या विधानसभेच्या कायद्यात त्या कॅप्टनचं आडनाव बसलंय, आणि तेही वाळीत टाकण्याच्या विरोधात, बिचाऱ्याला बरं वाटलं असतं.

चित्र सापडलं की पुढचं काम भावंडं शोधायची. एक शब्द पाठ करायला जितका वेळ लागतो तितक्यात भावंडांसकट चार होतात. कॅन्डिडेट म्हणजे लॅटिनमध्ये पांढरे कपडे घातलेला, रोममध्ये निवडणुकीला उभा राहणारा माणूस आपला अंगरखा खडूने पांढराफेक करून लोकांत फिरायचा. (दोन हजार वर्षांनी आपल्याकडचे उमेदवार कडक इस्त्रीचा पांढरा घालून हात जोडतात, खडू तेवढा गेला.) याची भावंडं कॅन्डल आणि कॅन्डिड, सगळ्यांच्या पोटात पांढरं, उजळ, चकाकणारं. किंवा डिझास्टर घ्या, त्यातला अ‍ॅस्टर म्हणजे तारा, वाईट ताऱ्याने केलेला घात, आपल्याकडे ग्रह फिरले म्हणतात तेच. त्याची भावंडं अ‍ॅस्ट्रॉनॉमी, अ‍ॅस्टेरॉइड, आणि वर सांगितली ती डिक्शनरीतली चांदणी, तिचं इंग्रजी नाव अ‍ॅस्टेरिस्क, म्हणजे छोटा तारा.

माझं सगळ्यात लाडकं भावंड मात्र कंपॅनिअनचं आहे. कॉम म्हणजे बरोबर आणि पानिस म्हणजे ब्रेड, ज्याच्याबरोबर आपण भाकरी मोडतो तो सोबती. आता हेच लॅटिन पानिस पोर्तुगीजांच्या तोंडी पांव झालं, ते गोव्यात आलं, आणि आपला पाव झाला. गोव्यात पाववाल्याला पोदेर म्हणतात तोही त्याच घरातला. म्हणजे कंपॅनिअनच्या मधलं पॅन आणि वडापावातला पाव एकाच आजीची नातवंडं, आणि एक वडापाव अर्धा अर्धा करून खाणारे दोघं शब्दशः कंपॅनिअन. हे सांगितल्यावर वर्गात दहा मिनिटं कुणी दुसरं काही शिकू दिलं नाही.

काही शब्द तर आपल्याकडूनच तिकडे गेलेत आणि आपण ते परदेशी म्हणून पाठ करतोय. मंगूस! इंग्रजी डिक्शनऱ्या स्वच्छ लिहितात की हा मराठी मुंगूसवरून आला. त्याचं अनेकवचन परीक्षेत विचारतात आणि पोरं गूसचं गीज होतं म्हणून मंगीज लिहून येतात. मूळ माहीत असेल तर ही चूक होणारच नाही, मुंगसाचा बदकाशी काय संबंध, अनेकवचन साधं मंगूसेस. (जाता जाता, इंग्रजी गूस हा मात्र आपल्या हंसाचा खरा चुलत भाऊ आहे, पीआयईतून आलेला. असं आहे बघा, जिथे नातं दिसतं तिथे नसतं.)

टँक पण बघा. सह्याद्रीत कुठल्याही किल्ल्यावर गेलात की कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं असतं. या टँकचं मूळ म्हणून गुजराती-मराठीतलं हेच टाकं दाखवतात, त्यात पोर्तुगीज टांकेची भेसळ झालेली आहे. आधी इंग्रजीत टँक म्हणजे फक्त पाण्याचा साठा. मग पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये लोखंडी चिलखताचं लढाऊ वाहन गुपचूप बनवत होते, बाहेर कळू नये म्हणून ही पाण्याची टाकी आहे असं सांगायचे, आणि १९१६ च्या सप्टेंबरात ते रणांगणावर उतरलं तोवर नाव चिकटून गेलं होतं. रणगाडा म्हणताना आपण वेगळा शब्द केला, बरं केलं, नाहीतर शिवनेरीवर टाकं बघायला जाऊया म्हटल्यावर पोरं तोफा शोधत बसली असती. शाम्पू म्हणजे चांपो, दाब, चंपी कर. पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन महंमदाने इंग्लंडात ब्रायटनला चंपीचं स्नानगृह काढलं होतं. आपल्याकडून गेलेल्या अशा शब्दांसाठी १८८६ सालची हॉब्सन-जॉब्सन नावाची जाडजूड डिक्शनरी आहे, यूल आणि बर्नेल या दोघांची, नेटवर फुकट वाचता येते, सूर गोऱ्या साहेबाचा आहे तेवढं सांभाळून घ्या. मराठी बाजू तपासायला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८३१ चा, तोही नेटवर आहे. जुना म्हणून नाक मुरडू नका, आजी बोलायची ते शब्द त्यात सापडतात.

या सगळ्यात एक शब्द मी दहावीच्या पोरांसाठी राखून ठेवते. त्रिकोणमितीतला साइन. पोरं म्हणतात की बाई, कॉस, टॅन ठीक आहे पण साइन म्हणजे सही का? नाही रे बाबांनो. आर्यभटाने त्याच्या ग्रंथात, ४९९ साली, या राशीला ज्या म्हटलं, म्हणजे धनुष्याची दोरी, कारण वर्तुळाच्या तुकड्याला जोडणारी सरळ रेषा काढली की दिसतं धनुष्य आणि दोरी. ज्याला जीवा असंही म्हणायचे, आपल्या भूमितीच्या पुस्तकात वर्तुळाची जीवा आहे ती तीच. हे गणित अरबांकडे गेलं, त्यांनी शब्दाचं भाषांतर न करता तो तसाच घेतला, जीबा. पण अरबीत लिहिताना ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, त्यामुळे कागदावर नुसता अक्षरांचा सांगाडा. पुढे वाचणाऱ्यांना जीबा हा शब्द ओळखीचा नाही, ओळखीचा कोणता तर जैब, म्हणजे कपड्याची छातीवरची चुणी, घडी, जिथे वस्तू ठेवायचे. हिंदीतली जेब म्हणजे खिसा तो हाच शब्द! बाराव्या शतकात युरोपात अरबी पुस्तकांची लॅटिन भाषांतरं झाली, भाषांतरकाराने जैब वाचलं आणि घडी, खोबण या अर्थाचा लॅटिन शब्द लिहिला, सायनुस. त्याचा झाला साइन. आणि सर्दी झाल्यावर आपण म्हणतो ना सायनसचा त्रास आहे, नाकाशेजारच्या पोकळ्या, तो तोच लॅटिन शब्द. म्हणजे धनुष्याची दोरी निघाली, बगदादकडे खिसा झाली, युरोपात खोबण झाली आणि दहावीच्या पेपरात थीटाच्या आधी येऊन बसली. हे सांगितल्यापासून साइन म्हणजे सही का असं माझ्या वर्गात कुणी विचारलेलं नाही, आता विचारतात की बाई, सर्दी झाल्यावर कॉस का होत नाही.

आता धोक्याची जागा, इथे मी स्वतः आपटलेय. न्यूज म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ, चारी दिशांची खबर म्हणून न्यूज, हे मी तीन बॅचना फळ्यावर चार बाण काढून शिकवलं. चौथ्या बॅचमधल्या एका मुलीने मोबाइल उघडून समोर धरला. न्यूज म्हणजे न्यू गोष्टी, न्यू ला एस लागला, बस्स, फ्रेंचमध्येही तसाच शब्द आहे. बाण पुसताना जे काही वाटलं ते विचारू नका.

तेव्हापासून माझा एक नियम आहे, जुन्या शब्दाची गोष्ट आद्याक्षरांची असेल तर ती खोटीच समजायची, पुरावा मिळेपर्यंत. आद्याक्षरांचे शब्द करायची सवय विसाव्या शतकातली, रडार खरंच तसा बनलाय, लेझर पण. पण टिप म्हणजे टू इन्शुअर प्रॉम्प्टनेस असं जे सांगतात ते खोटं. आणि पॉशबद्दलचं तर फार ऐटीत सांगतात, की इंग्लंडहून मुंबईच्या बोटीत श्रीमंतांना सावलीच्या बाजूची खोली मिळायची, जाताना डावी बाजू परतताना उजवी, म्हणजे पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम, त्याची आद्याक्षरं तिकिटावर छापायचे. असं छापलेलं एकही तिकीट आजवर कुणाला मिळालेलं नाही. मुंबईचं नाव आलं म्हणून आपण खूश होतो, पण सुतावरून स्वर्ग गाठायचा नसतो.

सॅलरीचं अर्धंच खरं. लॅटिन सॅलारियुममध्ये मीठ आहे, हे बरोबर. पण रोमन शिपायांना पगार म्हणून मिठाची पोती द्यायचे असं कुठल्याही रोमन लेखकाने लिहून ठेवलेलं नाही, ते नंतरच्यांनी रंगवलं. पगार हा आपला शब्दही पोर्तुगीजांचा, त्यांच्याकडे पगार म्हणजे पैसे चुकते करणे. मीठबीठ काही नाही.

दुसरा खड्डा आवाजाचा. बदनाम, बदसूरत मधला बद फारसी, अर्थ वाईट. इंग्रजी बॅड, अर्थ वाईट. झालं, एकच शब्द! अजिबात नाही, दोघांचा काडीचा संबंध नाही, निव्वळ योगायोग. व्हॉट्सअ‍ॅपवर इंग्रजी शब्द संस्कृतातून कसे निघाले याच्या याद्या फिरतात, त्यातल्या डेंटल-दंत, न्यू-नव, नेम-नाम या जोड्यांचं नातं खरं आहे पण ते चुलत भावंडांचं, बापलेकाचं नाही. १७८६ मध्ये विल्यम जोन्सने कलकत्त्यात हेच सांगितलं होतं, की संस्कृत, ग्रीक, लॅटिन एका मूळ भाषेतून आल्या असाव्यात आणि ती भाषा कदाचित आता उरलेलीही नसेल. म्हणून आवाज जुळला की नाचू नका, नोंद उघडा.

आणि मूळ म्हणजे आजचा अर्थ नव्हे. नाइसच्या मुळाशी लॅटिन नेस्कियुस आहे, अडाणी, काही न जाणणारा, इंग्रजीतही सुरुवातीला नाइस म्हणजे बावळट. म्हणून कुणी नाइस म्हटल्यावर भांडायला उठायचं का? आपल्या घरातलं उदाहरण घ्या, शिक्षा. हिंदीत शिक्षा मंत्री असतो, मराठीत शिक्षा म्हटलं की ओणवं उभं राहावं लागतं. शब्द एक, गावं दोन.

वहीत लिहायचं कसं ते सांगते. एका शब्दाला अर्धं पान. वर शब्द मोठा, त्याखाली चित्र, खरंच काढा, वेडंवाकडं चालेल, क्लूला गुंडा, मसलला उंदीर आणि बेडूक. बाजूला मराठी जोडीदार. मग दोन-तीन भावंडं. शेवटी आजच्या अर्थाचं एक वाक्य, स्वतःचं, पुस्तकातलं नको. भाचीने डेटपुढे लिहिलं होतं की माझ्या भावावर माझे चारशे रुपये आहेत, आणि ते वाक्य तिने इंग्रजीत इतक्या मनापासून लिहिलं की काळसुद्धा बरोबर आला.

सध्या कपाटावर मॉर्गेज आहे. त्यातही एक मुका टी, म्हणून तीनदा चुकला. काल रात्री नोंद उघडली, जुन्या फ्रेंचमधला मॉर्ट म्हणजे मेलेला आणि गेज म्हणजे तारण, मेलेलं गहाण. इंग्लंडातल्या जुन्या वकिलांनी त्याचा अर्थ असा लावला की कर्ज फेडलं तर गहाण मरतं, नाही फेडलं तर जमीन ऋणकोच्या लेखी मरते. भाची हे मोठ्याने वाचत होती आणि माझी आई, म्हणजे तिची आजी, आत पोळ्या लाटत होती. लग्नानंतर पाटल्या दोनदा गहाण पडल्या होत्या तिच्या. तिथूनच म्हणाली, "मेलं ते गहाण. त्याला इंग्रजीतही मेलंच म्हणतात होय?"

भाचीने मराठी जोडीदाराच्या जागी तेच लिहून टाकलं.